हजेरी

आमच्या शाळेत हजेरीच्या वेळी मुली ‘हाजिर’ म्हणतात. काही ‘यस मिस’ म्हणतात, एकदोघी नुसताच हात वर करतात. जी आली नसेल तिच्या नावापुढे मी उर्दूतलं ‘गैन’ हे अक्षर काढते. गैन म्हणजे गैरहाजिर. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे किती गैन काढले, त्याचा हिशेब नाही. मुलींना ताप येतो, गावी लग्न निघतं, आजी आजारी पडते, घरात पाणी भरायला कोणी नसतं. पण २०२३ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत नववीच्या एका मुलीच्या नावापुढे ओळीने एकोणीस गैन आहेत, आणि ते माझ्यामुळे आहेत. शाळेत हे कोणाला ठाऊक नाही. तिच्या वडिलांनाही नाही. इथे लिहिते आहे, कारण हे वाचणारी माणसं आपली आहेत आणि माझ्यावर रागावायचा त्यांना हक्क आहे.

जे घडलं ते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर घडलं. म्हणून आधी तिथलं सांगते.

आम्ही माहीमचे. मूळचे दापोली तालुक्यातले कोकणी. अब्बा जहाजावर होते, वर्षातले नऊ-दहा महिने घरी नसत. चाळीत एक खोली. तिथून कॅडेल रोडने, म्हणजे आताच्या वीर सावरकर मार्गाने, दादरच्या दिशेला सरळ चालत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत शिवाजी पार्क येतं. तरी वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी तिथे पाय ठेवला नव्हता. कोणी मनाई केली होती असं नाही. मखदूमबाबांच्या जत्रेला जायचं, माहीमच्या किनाऱ्यावर जायचं, पाहुणे गावी निघाले की हलवा आणायला जायचं. शिवाजी पार्क त्या यादीत नव्हतं इतकंच. तिथे मोठी सभा असली आणि वारा तिकडचा असला, की लाउडस्पीकरचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसता घोष कळायचा. अम्मी खिडकी लावून घ्यायची आणि आम्हाला लवकर झोपवायची.

१९९२ च्या डिसेंबरात मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते फार थोडं. जानेवारीत अम्मी आम्हा तिघांना घेऊन गावी गेली आणि आम्ही मार्चपर्यंत परतलो नाही, कारण मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या दिवसांत मुंबईत कितीतरी मुसलमानांनी दारावरच्या, इमारतीखालच्या नावाच्या पाट्या काढून ठेवल्या होत्या. मोठी झाल्यावर मी हे वाचलं आणि अम्मीला विचारलं, “आपणही पाटी काढली होती का?” ती म्हणाली, “आपल्या खोलीला पाटी होतीच कुठे गो? चाळीत कोण कुठे राहतो हे सगळ्यांनाच ठाऊक.”

पुढे बी.एड.ला गेले. २०१० ची गोष्ट. माझ्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली, बौद्ध समाजातली एक मुलगी होती. सहा डिसेंबरला ती म्हणाली, “चल, चैत्यभूमीला जाऊ.” मी गप्प झाले. लहानपणापासून सहा डिसेंबर म्हणजे घराबाहेर पडायचं नाही हा आमचा नियम. त्याच तारखेला दुसऱ्या कोणाचा तरी इतका मोठा दिवस असतो, हे मला ठाऊक होतं, पण पुस्तकातल्यासारखं ठाऊक होतं. गेले. मैदानात मांडव, पुस्तकांचे स्टॉल, बिदर-नांदेड-अकोल्याहून आलेली माणसं, ट्रंका, भाकरीची फडकी, रांगेत उभी राहून सुजलेले पाय. कट्ट्यावर आम्ही बसलो तर शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठून आलात?” मी म्हटलं, “माहीम.” त्यांनी मान हलवली आणि पेढा हातावर ठेवला. तिथे जो तो प्रत्येकाला हेच विचारत होता, कुठून आलात. त्या प्रश्नात दुसरा प्रश्न दडलेला नव्हता. आपल्याला हा प्रश्न किती वेळा आणि कसकसा विचारला जातो, ते तुम्हाला सांगायला नको.

त्याच कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. माझं नाव ऐकून म्हणाले, “आम्ही अमर शेखांना ऐकलंय.” बार्शीचे महबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख, हे मला उर्दू शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ते डफ घेऊन उभे राहिले की लोक नुसते ऐकत बसत नसत, ध्रुपद उचलत, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. “आम्हीच गायचो. ते फक्त सुरुवात करून द्यायचे.” हे बोलताना त्यांचा हात कट्ट्यावर ठेका धरत होता.

बी.एड.मध्येच मला दुसरीही एक गोष्ट भेटली, ती म्हणजे कॅमेरा. ज्यांनी हा अभ्यासक्रम केला आहे त्यांना सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर आपलेच सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले, आणि एका वेळी एकच कौशल्य: फलकलेखन, उदाहरण देणं, प्रश्न विचारणं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत निघाली. शिक्षकाने आपला पाठ चित्रफितीत स्वतः बघावा, असं त्यात होतं. आमच्या कॉलेजात एकच हॅंडीकॅम होता, तो माझ्या ‘प्रश्न कौशल्या’च्या पाठाला लाभला. मी स्वतःला पाहिलं आणि हादरले. मी प्रश्न विचारत होते आणि उत्तर यायच्या आत पुढच्या प्रश्नाला जात होते. समोर माणसं आहेत याचा मला पत्ताच नव्हता. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “प्रश्न विचारून झाल्यावर मनात तीन आकडे मोजायचे.” ते मी आजही मोजते.

आता रुमाना हुसेन यांच्याकडे येते. त्यांच्यामुळेच हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं.

२०२२ साली शिक्षकांच्या एका शिबिरात कलाशिक्षणावर व्याख्यान होतं. दुपारची वेळ, पंखे संथ, अर्ध्या शिक्षिका पेंगत होत्या. पडद्यावर एका बाईचं छायाचित्र आलं. तोंड ‘आ’ केलेलं, जितकं उघडता येईल तितकं, पण ओरडताना दिसतं तसं नाही. आवाज आतच अडकल्यासारखं. हातात मधोमध चिरलेली पपई. पायांत घुंगरू. १९९५ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या आवारात रुमाना अशा चालल्या होत्या. एक शब्द नाही, फक्त घुंगरांचा आवाज आणि ते उघडं तोंड. घरी येऊन मी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “पपई घेऊन कशाला गो फिरायची?” मग थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्या दिवसांत आमची तोंडं तशीच होती.”

रुमाना १९५२ साली बंगळूरला जन्मल्या. मोठ्या घराण्यातल्या. वडील मेजर जनरल इनायत हबीबुल्लाह हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे पहिले प्रमुख, आई हमीदा हबीबुल्लाह उत्तर प्रदेशच्या राजकारणातल्या, भाऊ वजाहत हबीबुल्लाह पुढे देशाचे मुख्य माहिती आयुक्त झाले. आधी त्या चित्रं काढत. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, आणि त्यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला. चिरलेली मडकी आरशावर मांडली. मग स्वतःचं शरीरच समोर आणलं. १९९७ साली बेगम हजरत महलवर काम केलं. १९९८ साली न्यूयॉर्कला असताना घुंगरू बांधून तिथल्या पुलावरून चालल्या, ते चित्रफितीत आहे. त्याच वर्षी ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ नावाचा प्रयोग केला. त्यात मुसलमान बाईबद्दल लोकांच्या मनात असतात ते प्रश्न त्या एकापाठोपाठ एक वाचत जातात. उत्तर एकाचंही देत नाहीत. तोवर त्यांना कर्करोग झालेला होता आणि त्यांनी त्याची खूणही लपवली नाही. १९९९ साली त्या गेल्या. त्या प्रयोगाची छायाचित्रं मी माझ्या वर्गात दाखवणार नाही. दाखवू शकणार नाही असं म्हणणं जास्त खरं. पण प्रश्नांची ती कल्पना माझ्या डोक्यातून जाईना.

एक कुरकुरही सांगून टाकते. एनसीपीएच्या आवारात त्या दिवशी कोण आलं असेल? आमच्या चाळीतलं नक्कीच कोणी नाही. ज्यांची तोंडं तशी झाली होती त्यांनी ते पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना इंग्रजी येत होतं. मला हे टोचलं. रुमाना यांनी आपलं काम केलं, उरलेलं आपण करायला हवं, असं काहीतरी मी त्या रात्री मनाशी म्हटलं. शिक्षकांना अशी खोड असते.

उर्दूत मुशायऱ्याचा किंवा जलशाचा सूत्रसंचालक उभा राहिला की तीनपैकी एका शब्दाने हाक मारतो. रेडिओवर असेल तर ‘सामईन’, म्हणजे ऐकणारे. टीव्हीवर असेल तर ‘नाझिरीन’, बघणारे. आणि समोर माणसं बसलेली असतील तर ‘हाजिरीन’, जे हजर आहेत ते. मराठीत आपण सगळ्यांना प्रेक्षक-श्रोते म्हणून मोकळे होतो.  (तमाशा शब्दाचंही बघा. उर्दूत तमाशा म्हणजे बघण्याची कुठलीही गोष्ट आणि तमाशाई म्हणजे लांबून मजा बघणारा. मराठी तमाशात मात्र मावशी समोरच्या माणसाला विचारते, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.) नाझिरीन आणि हाजिरीन यांत फरक काय, हे मी वर्गात कित्येकदा शिकवलं होतं, परीक्षेत दोन गुणांना विचारलंही होतं. मला तो कळला नव्हता.

टाळेबंदीत आम्ही सगळेच नाझिरीन झालो. २०२० च्या जूनपासून मी स्वयंपाकघरात फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून पाठ चित्रित केले. मागे फ्रिज, त्यावर ओढणी टाकलेली, म्हणजे फ्रिज दिसू नये. कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. कॅमेऱ्यापुढे मी चांगली बोलायचे. तीन आकडे मोजायची गरजच नव्हती, समोर कोणी नव्हतं. तासाला मुली यायच्या त्या काळ्या चौकोनांत, नाव फक्त. कुणाकडे घरात एकच फोन, कुणाला घरचं छप्पर दाखवायचं नव्हतं, कुणाला चेहरा. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा मुली परत आल्या, पण ते काळे चौकोन सोबत घेऊन आल्या. प्रश्न विचारला की वर्ग खाली बघायचा.

तेव्हा मी नववीला एक काम दिलं. घरात एकटं असताना, गच्चीवर, न्हाणीघरात, कुठेही, आईच्या फोनवर एक मिनिट बोलायचं. अनोळखी माणसाला तुम्ही काय विचाराल, तो प्रश्न. मी सोडून कोणी बघणार नाही आणि बघून झाला की मी पुसून टाकीन. तेवीस मुलींनी पाठवले. रात्री सगळे झोपल्यावर मी ते बघितले आणि मला वाटलं, या मुली मी कधी पाहिल्याच नव्हत्या. वर्गात ओठ न हलवणारी एक मुलगी हसत हसत विचारत होती, “तुमच्या घरात पहिला चहा कोणाला मिळतो?” दुसरी कुजबुजत होती, “तुमची शाळा कोणी सोडवली?” शाळा कोणीतरी सोडवतंच, हे तिने धरून चालली होती. शब्दाप्रमाणे मी सगळे पुसले. तिथवर मी बरोबर होते.

पुढची कल्पना माझीच. हे प्रश्न ज्यांच्यासाठी आहेत त्यांना ते विचारायला नकोत का? रुमाना यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. आपण पाहू या. मुख्याध्यापिकांना मराठी संभाषणाचा सराव म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं. सात आयांनी सही करून परवानगी दिली. नियम मी केले. प्रश्न मराठीत पुठ्ठ्यावर लिहायचा आणि कट्ट्यावर शेजारी ठेवायचा. हाक मारायची नाही. ज्याला थांबावंसं वाटेल तो बसेल. त्याने उत्तर दिलं की त्यालाही एक प्रश्न विचारायचा हक्क. आणि फोन बाहेर काढायचा नाही. कोणीही नाही.

जानेवारीतला रविवार, सकाळचे आठ. मैदानात दहा-बारा ठिकाणी क्रिकेट चाललेलं, लाल धूळ, रेन ट्रीच्या सावल्या, कट्ट्याभोवती फेऱ्या मारणारे लोक. हे मैदान २०१० साली शांतता क्षेत्र ठरलं, पण रविवारी सकाळी ते कोणाला सांगाल! सात मुली, काही बुरख्यात, काही नुसत्या ओढणीत, हातभर अंतर ठेवून बसल्या. पहिली वीस मिनिटं कोणी थांबलं नाही. लोक पुठ्ठा वाचत, चेहरा बघत, पुढे जात. पुढच्या फेरीला पुन्हा वाचत. तिसऱ्या फेरीला एक बाई घाम पुसत ‘पहिल्या चहा’जवळ बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याला. तीस वर्षं. हे मला कोणी विचारलं नव्हतं गं.” मग एक कॉलेजचा मुलगा बसला. मग दोन आजोबा. ‘शाळा कोणी सोडवली’पाशी एक कामवाली बाई बराच वेळ बसून होती, ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि मुलीने मला सांगितलंही नाही.

अशा कामात समोरचा माणूस काय करील याचा भरवसा नसतो. मरिना अब्रामोविच या कलावतीने १९७४ साली इटलीत नेपल्सला बहात्तर वस्तू टेबलावर मांडल्या आणि सहा तास स्वतःला लोकांच्या हवाली केलं. लोक हळूहळू क्रूर होत गेले. वेळ संपल्यावर ती स्वतः चालू लागली, तेव्हा त्यांना तिच्या डोळ्याला डोळा देववेना, ते निघून गेले. मी हे वाचलं होतं. म्हणून त्या दिवशी एका झाडापाशी उभी राहून मी सातही मुलींवर नजर ठेवून होते. कोणी वाकडं बोललं तर धावायचं ठरवलं होतं. धोका कुठून येईल याचा माझा अंदाज पार चुकला.

कडेला बसलेल्या मुलीच्या पुठ्ठ्यावर होतं: ‘तुम्ही माहीमला शेवटचे कधी आला होतात?’ पांढरे बूट घातलेले एक काका बसले. म्हणाले, “हलवा घ्यायला. दोन वर्षं झाली असतील.” मग त्यांची पाळी. त्यांनी विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“माहीमच्या.”

“तसं नाही. मूळच्या?”

माझा हात खिशाकडे गेला तो याच क्षणी. का, ते आजही नीट सांगता येत नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला होता, आणि आता तो माझ्या विद्यार्थिनीला विचारला जात होता, आणि ती खाली बघत नव्हती. मी फोन कमरेपाशी धरला आणि बटण दाबलं.

मुलीने तीन आकडे मोजावेत तितका वेळ घेतला आणि म्हणाली, “मूळच्या माहीमच्याच. काका, तुम्हीपण. हे मैदानपण आधी माहीमच होतं.”

“ते कसं?”

“१९२५ ला सुरू झालं तेव्हा याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ ला अवंतिकाबाई गोखल्यांनी नाव बदलायला लावलं. आमच्या मिसने सांगितलंय.”

काकांनी मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने हसले. “सत्तर वर्षं इथे राहतोय, मला हे ठाऊक नव्हतं!” त्यांनी फेरी मारणाऱ्या मित्राला हाक मारली, “अरे ये इकडे, ही मुलगी काय सांगते ऐक!” चाळीस सेकंद. मी फोन खिशात टाकला.

रात्री तो तुकडा पाच-सहा वेळा बघितला. मग एका व्यक्तीला पाठवला. बी.एड.मधल्या त्याच मैत्रिणीला, जिने मला त्या मैदानात पहिल्यांदा नेलं होतं. खाली लिहिलं, ‘बघ, आपली मुलगी.’ तिला इतका आनंद झाला की तिने तो स्वतःच्या स्टेटसला ठेवला. एका दिवसाने आपोआप जातो, असं तिला वाटलं.

मंगळवारी तो आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर होता: मुलींना रस्त्यावर बसवून तमाशा कोण करतंय? गुरुवारी दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवर होता, आता अकरा सेकंदांचा. त्यात फक्त मुलगी म्हणते, हे मैदानपण आधी माहीमच होतं. सन गेलं, अवंतिकाबाई गेल्या, काकांचं हसणं गेलं. खाली ओळ: आता शिवाजी पार्कवरही दावा. मुलीचे वडील टॅक्सी चालवतात आणि बऱ्याचदा दादरलाच उभे राहतात. त्यांना तो एका गिऱ्हाइकाने दाखवला. गिऱ्हाइकाला ती कोण हे ठाऊक नव्हतं, सहज दाखवला. वडिलांनी ते गिऱ्हाईक जिथे सांगितलं होतं तिथे सोडलं, पैसे घेतले, गाडी लावली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही.

तसं पाहिलं तर काही झालं नाही. कोणी दगड मारला नाही, पोलीस आले नाहीत, महिनाभरात ग्रुपवाले दुसऱ्या कशाकडे वळले. पण एकोणीस दिवस एक माणूस दादरला टॅक्सी लावत नव्हता आणि एक मुलगी घरातून बाहेर पडत नव्हती, याला काही झालं नाही म्हणायचं का, ते मला ठरवता येत नाही. शाळेत विचारणा झाली. कोणीतरी म्हणालं, “येणाऱ्या-जाणाऱ्याने काढला असेल.” मी म्हटलं, “हो, असेल.” ‘असेल’ या शब्दाने मला वाचवलं. त्याच मंगळवारी मी माझ्या फोनमधला तुकडा पुसून टाकला होता. मैत्रिणीलाही पुसायला लावला. ती फोनवर रडत होती; मी तिला धीर दिला, जणू चूक तिचीच होती.

त्या दिवसांत मी रुमाना यांच्याबद्दल पुष्कळ विचार केला. त्यांनी जे काही लोकांपुढे ठेवलं ते स्वतःचं होतं. तोंड स्वतःचं, पाय स्वतःचे, आजार स्वतःचा. कॅमेरा चालू आहे हे त्यांना ठाऊक असायचं. शिल्पा गुप्ता या मुंबईच्या कलावतीने २००० नंतरच्या वर्षांत लोकल गाड्यांतून फिरून नकली रक्ताच्या बाटल्या प्रवाशांच्या हातात दिल्या, तेव्हा डब्यात ती स्वतः उभी होती. मी झाडामागे होते. कट्ट्यावर बसलेल्या काकांना त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, तिचं ऐकून घ्यावं लागलं, हसावं लागलं. अकरा सेकंद बघणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. हाजिरीनना मी नाझिरीन करून टाकलं, तेही न विचारता. मला वाटलं होतं, आपल्या लोकांपर्यंत न पोहोचणाऱ्या गोष्टीला मी कट्ट्यावर आणलं. कट्ट्यावर आणलं, आणि चाळीस सेकंदांत परत नेऊन पडद्यात टाकलं.

विसाव्या दिवशी ती आली. हजेरीला ‘हाजिर’ म्हणाली, नेहमीच्या आवाजात. मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. सुटीनंतर वर्ग रिकामा झाला तरी ती बाकावर होती.

“मिस, तुमच्याकडे पूर्ण व्हिडिओ असेल ना?”

“कोणता?”

“ज्यात काका हसतात. ग्रुपवरच्यात ते कापलंय.”

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, “त्यात माझा डावा कान दिसतो, मिस. त्या बाजूला झाडाजवळ फक्त तुम्हीच होतात.” तिच्या आवाजात राग नव्हता. गणिताचं उत्तर पडताळून सांगतात तसं तिने सांगितलं.

“मी पुसून टाकला,” मी म्हटलं.

तिचा चेहरा तेव्हा उतरला. एकोणीस दिवसांनी नव्हे, तेव्हा. “अब्बूंना दाखवायचा होता. त्यांना वाटतं, काका मला ओरडले म्हणून मी तसं बोलले.” मग थोडा वेळ दप्तराच्या पट्ट्याशी खेळत राहिली. “मग तुम्ही घरी येऊन सांगा, की हसले होते. तुम्ही तिथे हाजिर होतात ना.”

संध्याकाळी असरनंतर गेले. खोलीत तिचे वडील होते, आई होती, टॅक्सीची चावी खिळ्याला टांगलेली होती. मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, पांढरे बूट, हलवा, माहीम पार्क, मांडीवरची थाप, मित्राला मारलेली हाक. काकांचं हसणं मी करून दाखवलं, नीट जमलं नाही. वडिलांनी दोनदा विचारलं, “खरंच हसला?” मी म्हटलं, “खरंच. मी होते तिथे.” ते काही वेळ चावीकडे बघत बसले आणि म्हणाले, “माहीम पार्क. मलापण ठाऊक नव्हतं.”

व्हिडिओ कोणी काढला, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मुलगी चुलीपाशी उभी होती. चहा गाळताना ती माझ्याकडे बघत होती, मी पुढे आणखी काही बोलते का याची वाट बघत. मग तिने कप आणून ठेवले, आणि पहिला वडिलांपुढे ठेवला.